मे महिन्यात पुलाची फ्रिक्वेन्सी घसरली, म्हणजे पूल खराब झाला का?

तुझा प्रश्न मला कळला तो असा: नागपुरातल्या एका रेल्वे उड्डाणपुलावर फोन ठेवून पुलाची थरथर मोजली, तर जानेवारीच्या सकाळी फ्रिक्वेन्सी 4.1 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 4.1 हेलकावे) मिळाली, मेच्या दुपारी 3.9. पुलाला तडा गेला असेल का, महापालिकेला कळवू का?

भाऊ, घाई करू नको. आधी सांग, रेकॉर्डिंग किती सेकंदांचं होतं? 5 सेकंदांचं असेल तर फ्रिक्वेन्सीच्या आलेखावरच्या दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतरच 0.2 हर्ट्झ असतं. म्हणजे तुझा सगळा फरक एका बिंदूचा. निदान दहा मिनिटं घे, आणि फोन कठड्यावर नाही, फुटपाथवर स्पॅनच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाच्या, मधोमध चिकटवून ठेव. कठडा स्वतःच्याच तालात हलतो.

समज, तरीही फरक राहिला. ताठरता फ्रिक्वेन्सीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के ताठरता गेली. भेगांनी एवढी गेली असती, तर गर्डरच्या (पुलाखालच्या तुळईच्या) पोटाला त्या बहुधा नुसत्या डोळ्यांनी दिसल्या असत्या. खाली जाऊन पाहिलंस?

माझा संशय उन्हावर आहे. जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे 12 अंश, मेच्या दुपारी 45, आणि उन्हात तापलेलं डांबर त्याहून कितीतरी गरम. डांबर मऊ पडतं, काँक्रीटही थोडं नरमतं. स्वित्झर्लंडचा झेड-24 पूल 1998 मध्ये पाडण्याआधी जवळपास वर्षभर मोजला होता. तिथे उलटं झालं, थंडीत डांबर गोठून कडक झालं आणि फ्रिक्वेन्सी चढली. पुलाला मुद्दाम इजा केली ती त्यानंतर. आम्ही एका जुन्या पुलावर सेन्सर लावले होते, तेव्हा रोज दुपारी तीनच्या सुमारास अलार्म वाजायचा. महिनाभराने कोणीतरी तो बंदच करून टाकला, आणि मला त्याचा राग येत नाही.

दुसरी बाजूही वाईटच. 1993 मध्ये न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांडेवरच्या आय-40 पुलाच्या पोलादी गर्डरला चार टप्प्यांत काप दिले. पहिल्या तीन टप्प्यांत फ्रिक्वेन्सीत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. खालची फ्लँज (गर्डरच्या तळाची आडवी पट्टी) पूर्ण कापली तेव्हा कुठे दिसली. म्हणजे फ्रिक्वेन्सीत ऊन दिसतं, तडा दिसत नाही. वर्षभराचं तापमान आणि फ्रिक्वेन्सी शेजारी ठेवल्याशिवाय तुझ्या 3.9 ला काही अर्थ नाही.

पाण्याचं तर विचारूच नको. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीच्या पुरात पूल वाहून गेला. नदीवरच्या पुलाच्या पायाखालची माती किती गेली, हे वर रस्त्याच्या पातळीवर ठेवलेला फोन नीट सांगू शकत नाही. कन्हानसारख्या नदीवर मी पैसा आधी पाण्याची पातळी आणि खांबांजवळच्या तळाची खोली मोजण्यावर घालीन.

तुला सध्या एक फुकटचं काम सांगतो. एक्स्पान्शन जॉइंटची (उन्हात पूल लांबायला जागा म्हणून ठेवलेल्या सांध्याची) फट फुटपाथच्या कडेला पट्टीने मोज, पहाटे आणि दुपारी. 30 मीटरचा काँक्रीट गर्डर 30 अंशांच्या फरकाने सुमारे 11 मिलिमीटर लांबतो. पण एका दिवसात आतलं काँक्रीट एवढं तापत नाही, म्हणून हीच मोजणी डिसेंबरातही कर. फट तेव्हाही जागची हलली नसेल, तर बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो आणि सरकतो तो आधार) धुळीने किंवा गंजाने अडकलं असण्याची शक्यता आहे. तारीख टाकलेले फोटो जोडून पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना पत्र लिही. मसुदा इथे टाकलास तर मी बघून देईन.