नियम बदलले, मग मूल आमच्याकडेच राहील ना?

दत्तक किंवा फॉस्टर केअरमधलं (म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला घरी आलेलं) मूल असलेले आईबाबा आले की हल्ली पहिला प्रश्न हाच, मॅडम कायदा बदललाय म्हणे, आता आमचं काय? तर आधी तेच सांगते. दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा असं ठरलं, पण आधी कोर्टाने दिलेला आदेश पक्काच आहे, मूल कायद्याने तुमचंच. फॉस्टरचं वेगळं, तिथे मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने घरी येतं, आणि केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनुसार त्याला दत्तक घेण्याचा मार्ग पाचऐवजी दोन वर्षांनी खुला होतो, अर्थात मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं असेल, म्हणजे समितीने तसं जाहीर केलं असेल, तरच.

सिंहगड रोडचं एक जोडपं (तपशील बदललेत), फॉस्टरमधली नऊ वर्षांची मुलगी, त्यांच्याकडे येऊन दोन वर्षं होत आलेली. खरं तर आनंदात असायला हवं, पण आईची झोप उडालेली. रोज रात्री जेवणं झाली की टेबलावर फाइल उघडायची, आदेशाची झेरॉक्स, रिपोर्ट, फोटो, सगळं परत परत बघायचं.

"तिला जास्त जीव लावायची भीती वाटते हो, उद्या पाठवावं लागलं तर?"

"फाइल बघता तेव्हा ती कुठे असते?"

"झोपलेली असते."

नंतर मुलीशी एकटीशी बोलले. चित्र रंगवता रंगवता ती म्हणाली, "आई रोज माझे पेपर बघते. मी नीट नाही वागले तर परत पाठवायला लागतात ते."

मला वाटतं सगळी केस या एका वाक्यात होती. मूल कायदा वाचत नाही, ते आईचा चेहरा वाचतं, हे मी इतकी वर्षं सांगत आलेय आणि दर वेळी तेच खरं ठरतं. मुलीला विचारून मी हे आईला सांगितलं, ती खूप रडली. म्हटलं, आज फाइल तिच्यासोबत उघडा, काय लिहिलंय ते सोप्या शब्दांत सांगा. पुढच्या वेळी आई हसत आली. मुलीने पेन्सिल घेऊन प्रत्येक कागदावर स्वतःच्या नावाला गोल केला होता आणि विचारलं होतं, तुमचं नाव पण इथेच आहे ना?

तेव्हा व्हॉट्सअॅपवरचे मेसेज वाचून घाबरू नका, थेट जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. आणि मुलाला दत्तक होईलच असं वचन देऊ नका, पण तू आम्हाला हवी आहेस म्हणून आम्ही अर्ज करतोय, हे रोज सांगितलं तरी चालेल.