बाख गेला आणि बरोक संपलं?

'१७५० मध्ये बाख गेला आणि बरोक संपलं असं सगळीकडे लिहितात, पण एका वर्षात संगीत बदलतं कसं?' असं तुम्ही विचारलंय. बदलत नाहीच. बरोक म्हणजे साधारण १६०० पासूनची युरोपीय संगीतशैली, जर्मन संगीतकार बाख जिच्यात लिहायचा; तिचा शेवट १७५० ला मानणं ही अभ्यासक्रम आखणाऱ्यांची सोय आहे. इटालियन संगीतकार पेर्गोलेसीचं 'ला सेर्वा पाद्रोना' हे छोटं विनोदी संगीतनाट्य (ऑपेरा) नेपल्समध्ये रंगलं १७३३ साली. वर सुटसुटीत चाल, खाली साधी साथ, म्हणजे पुढच्या जमान्याचा सगळा ऐवज त्यात आहे. बाख मात्र १७४९च्या सुमारास बी मायनर मास ही जुन्या वळणाची मोठी धार्मिक गायनरचना पुरी करत होता.

मला चीड येते ती बाख आणि मोझार्ट यांच्या मधल्या लोकांना नुसती पायरी समजण्याची. शिकत असताना मी बाखच्या मुलाचा, कार्ल फिलिप एमान्युएलचा, पहिला प्रशियन सोनाटा (१७४२), म्हणजे तीन भागांची कीबोर्डरचना, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमासाठी बसवला होता. सरांनी तो यादीतून काढला. म्हणाले, "वडील वाजव, नाहीतर मोझार्ट वाजव. हा मधला कशाला?" एमान्युएलचं 'सोल्फेजिएत्तो' हा छोटा जलद तुकडा तेवढा त्यांना चालायचा, तेही बोटं सुटावीत म्हणून.

त्या सोनाटाचा दुसरा भाग ऐका, एफ मायनरमधला. संथ चाल सुरू असते, मध्येच थांबते आणि उजवा हात ऑपेरातल्या पात्रासारखा, लय सैल सोडून, बोलायला लागतो. डावा हात स्वरमेळ देतो आणि गप्प बसतो. पुन्हा चाल, पुन्हा बोलणं, आणि शब्द एकही नाही. वडिलांनी असं लिहिलं नसतं, मोझार्टनेही नाही. हे या माणसाचं स्वतःचं आहे.

बदललं काय, तर एकमेकांत गुंतलेल्या अनेक ओळींऐवजी एक चाल पुढे आली आणि बासो कंटिन्युओ, म्हणजे खालच्या स्वरांची अखंड चालणारी साथ, हळूहळू सुटला. एमान्युएलचा धाकटा भाऊ योहान ख्रिश्चन लंडनला गेला, १७६५ पासून संगीतकार आबेलबरोबर वर्गणीच्या मैफली करू लागला. आठ वर्षांचा मोझार्ट त्याला तिथेच भेटला आणि पुढे त्याच्या सोनाटांचे कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि साथीला वाद्यवृंद) केले. मोझार्टला हे 'मधले' चालत होते, आमच्या सरांना नाही!

हे सगळं मी कीबोर्डवाल्याच्या कानाने सांगतोय. जर्मनीतल्या मानहाइमचा ऑर्केस्ट्रा, तिथला संगीतकार श्टामिट्झ, मिलानचा संगीतकार साम्मार्तिनी यांच्याशिवाय सिम्फनीची, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेची, गोष्ट पुरी होत नाही. आणि जुनं काही मेलं नव्हतं, १७८२ मध्ये व्हिएन्नात संगीतप्रेमी सरदार फान स्वीटेनच्या घरी मोझार्ट बाखचे फ्यूगच, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या ओळींत पाठोपाठ येणाऱ्या रचनाच, वाजवत होता.

तुम्ही स्वतः शिकत असाल तर एमान्युएलचा हा सोनाटा कार्यक्रमात वाजवा, तिन्ही भाग. शिक्षकांनी काढायला सांगितलं, तर आधी त्यांना दुसरा भाग वाजवून दाखवा आणि मग कारण विचारा.