नाकात थेंब, पाठीवर टाकी

फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर मेडिकलला असलेल्या मराठी मुलामुलींचे मेल मला वर्षभर येत असतात. सेमिस्टरची सुट्टी जवळ आली की त्यांना पूर येतो. पहिलं वर्ष हाडांची नावं पाठ करण्यात जातं आणि दुसऱ्या वर्षी खिडकीबाहेरचा समुद्र दिसायला लागतो. मी कान-नाक-घशाचा सर्जन, स्वतः स्कुबा डायव्हिंग करतो, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जातो, त्यामुळे त्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : मला पोहता येत नाही. सिनिअर म्हणतात, स्कुबाला पोहावं लागतच नाही. खरं का?

ट्राय डाइव्हला, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या आधाराने घेतलेल्या अनुभवापुरत्या डाइव्हला, लागत नाही. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला लागतं. न थांबता 200 मीटर पोहायचं आणि 10 मिनिटं तरंगत राहायचं. आधी पोहायला शिका.

प्रश्न : मी मालवणला स्कुबा केलंय, व्हिडिओही आहे. सेबूत थेट ॲडव्हान्स कोर्स करता येईल का? एक दुकानदार "करून देतो" म्हणाला.

मालवणला तुम्ही जे केलंत त्यात इन्स्ट्रक्टरने मागून तुमची टाकी धरली होती. तुमच्या अंगावरच्या जाकिटात हवा भरणं-सोडणं तोच करत होता, तुम्ही माशांकडे बघून अंगठा दाखवत होतात. (तो अंगठाही चुकलाच. डायव्हिंगच्या खुणांत अंगठा वर म्हणजे "वर चला".) मजा आली असेल, पण ते प्रशिक्षण नव्हे. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर कोर्स होतात. तो केला असता तर हातात कार्ड असतं आणि हा प्रश्नच आला नसता.

ओपन वॉटरमध्ये थिअरी, पोहण्याच्या तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह असतात. तीन-चार दिवस लागतात आणि 18 मीटरपर्यंतची परवानगी मिळते. ॲडव्हान्स त्यानंतर. जो दुकानदार पहिली पायरी गाळून "करून देतो", तो पाण्याखाली आणखी काय गाळेल याचा विचार करा आणि दुसरीकडे जा.

प्रश्न : पाळीत डायव्हिंग केलं तर शार्क येतात का?

नाही. पोट फार दुखत असेल तर त्या दिवशी जाऊ नका, एवढंच.

प्रश्न : चष्मा आहे, नंबर उणे साडेचार.

सॉफ्ट लेन्स चालतात, नंबरचा मास्कही मिळतो. हार्ड लेन्स घालून उतरायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : शनिवारपासून कोर्स आहे, पैसे भरून झालेत. मंगळवारपासून सर्दी आहे. इन्स्ट्रक्टर म्हणतो, नाकात थेंब टाक, कान मोकळे होतील. चालेल ना? पहिल्या दिवशी पाच मीटरच तर आहे.

चालणार नाही. आता जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि सगळ्यात जास्त वेळा उशिरा आलाय.

लहानपणी विहिरीत पोहलेल्या कुणालाही हे कळेल. तळाशी जाऊन मूठभर गाळ आणायची पैज लागायची आणि खाली जाताना कानात सुरी घुसल्यासारखी कळ यायची. ती कळ म्हणजे पाण्याचा दाब पडद्याला आत ढकलत असतो. पडद्यामागच्या पोकळीत हवा असते. घशातून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून तिथे आणखी हवा पोचली, तरच पडदा जागेवर राहतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला, म्हणजे कान उघडायला, शिकवतात ते यासाठीच. सर्दीत नेमकी ही नळी सुजते.

आता "पाच मीटरच" याबद्दल. समुद्रात 10 मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं. पुढच्या 10 मीटरमध्ये ते निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे मोठा फरक वरच्या वरच पडतो. कान न उघडता सव्वा मीटर खाली गेलात तरी नळीचं तोंड दाबाने बंद होऊन बसू शकतं. मग वरून कितीही फुंका, ती उघडत नाही. खोल डाइव्हपेक्षा नवशिक्यांच्या उथळ डाइव्हमध्ये कान फुटलेले मी जास्त पाहिलेत.

थेंबांनी नळी तात्पुरती उघडते, हे खरं. त्या जोरावर तुम्ही खाली जाता. औषधाचा असर पाण्याखाली उतरला तर सूज परत येते आणि कानात अडकलेली हवा वर येताना फुगते. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं. वर येताना दुखलं तर कुठे जाणार? टाकीतली हवा तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय कान उघडत नाही म्हणून जिवाच्या आकांताने फुंकलात, तर पडद्याच्याही पलीकडे, आतल्या कानाला इजा होते. तिथली खिडकी, म्हणजे एक पातळ पडदा, फाटली की चक्कर, कानात शिट्टी आणि कमी ऐकू येणं. ते दर वेळी भरून येत नाही.

मला कसं माहीत? तिशीत असताना मीही सर्दी असून बोटीवर चढलो होतो. पैसे भरलेले, मित्र जमलेले, आणि कानाचा डॉक्टर असल्याची घमेंड. नाकात थेंब टाकले, खाली गेलो, फुंकलं, डाव्या कानात बारीकसं "टक्" झालं. आज गावाकडे रात्री अंगणात बसलो की रातकिडे मला उजव्याच कानाने ऐकू येतात. माझ्या ऑडिओग्रामची (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची) डाव्या कानाची रेघ 4000 हर्ट्झपाशी कड्यावरून पडल्यासारखी पडते. तुम्हाला पुढे आयुष्यभर स्टेथोस्कोप लावायचाय.

तेव्हा कोर्स पुढे ढकला. दुकानदार तारीख बदलून देत नसेल तर पैसे बुडाले असं समजा. सर्दी पूर्ण गेल्यावर, कुठलाही थेंब न टाकता जमिनीवर दोन्ही कान सहज उघडतात का ते पाहा. नाकाचं हाड वाकडं असेल, वारंवार सायनस भरत असतील, लहानपणी कान वाहिला असेल, तर आधी कान दाखवून घ्या. आणि डाइव्हनंतर ऐकू कमी आलं किंवा गरगरलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तीन आठवड्यांनी मला मेल करू नका. तोवर माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

प्रश्न (एका आईकडून, सांगली) : मुलगा तिकडे डायव्हिंग शिकतोय. रोज रात्री कानात कोमट तेल घालायला सांगितलंय, ओव्याची पुरचुंडीही दिली आहे. आणखी काय करावं?

ताई, तेल आधी थांबवा. उष्ण, दमट हवा, दिवसभर ओला कान आणि वर तेल म्हणजे बुरशीला आमंत्रण. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुऊन, मान कलती करून पाणी काढायचं आणि बाहेरून टॉवेलने टिपायचं. काडी, पिन, इअरबड काही नको. कानाची पाळी ओढल्यावर दुखलं तर बाहेरच्या नळीला संसर्ग झाला असेल, डॉक्टरांना दाखवायला सांगा. ओव्याची पुरचुंडी हुंगू दे, अपाय नाही. पण ती हुंगावी लागते म्हणजे सर्दी आहे, आणि सर्दी आहे म्हणजे वरचं उत्तर त्याला वाचायला पाठवा.

प्रश्न : शनिवार-रविवार मोआलबोआलला पाच डाइव्ह केल्या. रविवारी शेवटची डाइव्ह आटोपून दुपारी हबाल-हबालने (भाड्याच्या मोटारसायकलने) ओस्मेन्या पीक या डोंगरावर गेलो. संध्याकाळपासून डावा खांदा दुखतोय, बोटांना मुंग्या येतात. बॅग उचलल्यामुळे असेल, बाम लावतोय. मंगळवारी मनिलामार्गे घरी निघतोय. 18 तास तर उलटून जातील, मग हरकत नाही ना?

हा मेल वाचल्याबरोबर मी फोन केला. इथे छापतोय तो बाकीच्यांसाठी.

ते 18 तास लक्षणं नसलेल्या माणसासाठी आहेत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा : एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह असतील तर किमान 18. मी विद्यार्थ्यांना 24 सांगतो, कारण सेबूला लागून असलेल्या मक्तान बेटावर विमानतळ आणि डाइव्हची दुकानं शेजारी शेजारी आहेत आणि "जाता जाता एक" हा मोह तिथे फार होतो. हजार मीटरच्या वर असलेलं ओस्मेन्या पीक हेही त्यातच धरायचं. डोंगरावर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला मदत होते. दुचाकीवरून गेलात की विमानातून, बुडबुड्यांना फरक पडत नाही.

डाइव्हनंतर चोवीस तासांत सांधा दुखला, मुंग्या आल्या, अंगावर जाळीदार चट्टे उठले, विचित्र थकवा आला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो डिकम्प्रेशनचाच, म्हणजे या बुडबुड्यांचाच आजार. आडवं व्हा, शुद्ध ऑक्सिजन मागा, इस्पितळात जा, विमान रद्द करा. उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो आणि जितका लवकर तितका चांगला. जवळचा चेंबर कुठे आहे आणि तो सध्या चालू आहे का, हे कोर्सचे पैसे भरण्याआधी विचारून ठेवा. स्टुडंट इन्शुरन्समध्ये डायव्हिंग धरलंय का, हेही. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

प्रश्न : डायव्हिंग कोर्सचा मेडिकल फॉर्म सोबत जोडला आहे, कृपया फिट म्हणून सही करून पाठवा. लहानपणी दमा होता, पंप आता कधीतरीच लागतो. दुकानातला माणूस म्हणाला, सगळीकडे "नाही" लिही म्हणजे डॉक्टरची सही लागणारच नाही, पण मला रीतसर करायचं आहे.

रीतसर करायचंय म्हणता आणि छाती न तपासता सही मागता. पाठवणार नाही.

तो माणूस तुम्हाला सोय करून देत नाहीये, स्वतःची जबाबदारी तुमच्या गळ्यात घालतोय. फॉर्मवर खोटं "नाही" लिहिलंत की पुढे काहीही झालं तरी कागदावर चूक तुमची. दम्यात श्वासनलिका आकसल्या तर फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा कोंडते. वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. दमा असलेल्या प्रत्येकाला बंदी असते असं नाही. नीट आटोक्यात असेल आणि श्वासाची तपासणी चांगली आली, तर परवानगी मिळते. ती ठरवायला तुम्हाला समोर बसवून तपासणारा डॉक्टर लागतो, शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेला. सेबूत छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, फॉर्मची तिन्ही पानं न्या, आणि तो "कधीतरीच लागणारा" पंप खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवा.