परफेक्ट, पूर्ण आणि पुरे

प्रश्न : आम्ही अमेरिकेत युटा राज्यात राहतो. शेजारीणबाई मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या आहेत. त्यांच्या आग्रहाने एका रविवारी त्यांच्या सभेला गेले. तिथे एक तरुण आई बायबलातल्या ‘बी यी देअरफोर परफेक्ट’ या वचनावर बोलली. परफेक्ट व्हायच्या नादात मी पार मोडले, मग ग्रेस म्हणजे काय ते कळलं, असा तिचा सूर होता. घरी सासूबाईंना सांगताना मात्र मी अडकले. परफेक्टला निर्दोष म्हणायचं, अचूक की परिपूर्ण? आणि ग्रेसला नुसतं ‘कृपा’ म्हटलं तर पुरतं का?

उत्तर : ‘निर्दोष’ आधी खोडून टाका. ‘अचूक’ही. ज्यात खोट काढता येत नाही ते परफेक्ट, ही समजूत हल्ली इतकी बोकाळली आहे की फोडणी परफेक्ट, स्थळ परफेक्ट, आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचा एखादा दोष सांगा’ म्हटलं की पोरं लाजत लाजत ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्याचा ‘परिपूर्णतावाद’ करून ठेवलाय. वाद कसला डोंबलाचा, ती खोड आहे!

लॅटिनमधला ‘पेरफेक्टुस’ म्हणजे करून झालेलं, शेवटास नेलेलं. बस. शाळेत ‘प्रेझेंट परफेक्ट’ला आपण पूर्ण वर्तमानकाळ म्हणायला शिकलोच की. ‘मी चहा केला आहे.’ यावरून चहा झाला एवढं कळतं. साखर बेताची पडली का, याबद्दल व्याकरण तोंड उघडत नाही.

पण लॅटिन इथे मधला दलाल. ते वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (म्हणजे मत्तयाने सांगितलेल्या येशूच्या कहाणीतलं), अध्याय ५, वचन ४८, आणि मूळ शब्द ग्रीक आहे, ‘तेलेइओस’. ‘तेलोस’ म्हणजे शेवट, तड. तेलेइओस म्हणजे तडीला गेलेला, पुरा वाढलेला, वयात आलेला. यहुदी धर्मग्रंथांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात नोहाला, त्या जलप्रलयातल्या तारूवाल्याला, हेच विशेषण लावलंय, आणि तिथून तीन अध्याय पुढे हे गृहस्थ द्राक्षारस पिऊन तंबूत उघडे पडलेले सापडतात. निर्दोष म्हणे!

आता माझ्या आवडीची गोष्ट. ४८व्या वचनाच्या जरा आधी, ४६व्यात, येशू विचारतो : जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रेम केलंत तर त्यात विशेष ते काय, जकातदारही तेवढं करतातच की. जकातदाराला ग्रीकमध्ये काय म्हणतात? ‘तेलोनेस’. कारण तेलोस म्हणजे जकातही. आधी तेलोनेस, लगेच तेलेइओस. हा खेळ ज्याच्या कानाला जाणवत नाही त्याने या वचनावर टीका लिहू नये, आणि लिहिणाऱ्यांच्या नव्वद पानांत त्याचा उल्लेखही नसतो. पंडित म्हणतील, येशू अरामी बोलत असे, तेव्हा हा श्लेष त्याचा नव्हे, मत्तयाचा. असू दे मत्तयाचा. लिहिणाऱ्याला कान असू नयेत असा नियम आहे का?

दोन्ही तेलोस मुळात एकच का, यावर व्युत्पत्तिकारांत तट आहेत. माझा कल त्यांना वेगळे मानण्याकडे. शेवट या अर्थाचा तेलोस आपल्या ‘चक्र’ आणि ‘चरणे’ यांच्या कुळातला, म्हणजे फेरा पुरा होणं. जकातीचा तेलोस ‘तुला’ आणि ‘तोलणे’ यांच्या कुळातला. जकातदार तोलून मापून घेतो, मिळालं तेवढंच परत करतो; तेलेइओस मात्र अख्खा फेरा घेतो, वाटेतलं एकही घर चुकवत नाही. ही फोड सगळ्यांना मान्य नाही हे मला ठाऊक आहे. मान्य नसणाऱ्यांनी निदान ४५वं वचन वाचावं : देव आपला सूर्य दुष्टांवरही उगवतो आणि सज्जनांवरही, पाऊस दोघांवर पाडतो. म्हणजे इथलं पूर्णत्व चुका न करण्याचं नाहीच, कुणाला न वगळण्याचं आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानात (६:३६) हेच वाक्य देताना ‘परफेक्ट’च्या जागी सरळ ‘दयाळू’ घातलंय. तिथेच वाद मिटायला हवा होता.

मॉर्मन मंडळींना हे माहीत नाही असं समजू नका. (२०१८ पासून त्यांच्या संस्थेने मॉर्मन हे टोपणनाव टाळून पूर्ण नाव वापरायची विनंती केली आहे. ते आहे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. या ‘सेंट’चा आणि आपल्या ‘संत’चा काडीचा संबंध नाही. सेंट ‘सांक्टुस’वरून आला, संत ‘सत्’वरून. ध्वनी जुळला की नातं जोडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्यांचे रसेल नेल्सन हे पेशाने हृदयाचे शल्यविशारद, पुढे ते संस्थेचे अध्यक्ष झाले. १९९५च्या ऑक्टोबरमधल्या भाषणात त्यांनी हाच तेलेइओस उलगडून सांगितला होता : पुरा झालेला, आणि हे पुरं होणं मृत्यूनंतरचं. शब्द बरोबर पकडला, पण मुदत वाढवून दिली, अशी माझी तक्रार आहे. पाऊस आज पडतो, शेजारी आज दारात उभा आहे. मत्तयाचं वाक्य परलोकात नेऊन ठेवायची गरज काय?

त्यांच्याकडे खरं भांडण दुसऱ्याच एका शब्दावर आहे. बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथात (२ नेफी २५:२३) म्हटलंय की आपण तरतो ते कृपेने, ‘आफ्टर ऑल वुई कॅन डू’. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हा ‘आफ्टर’ ‘केल्यानंतर’ असा वाचला. म्हणजे आधी आपला कोटा भरा, उरलेली तूट देव भरेल. तुमच्या त्या तरुण आईला याच वाचनाने मोडलं असणार, कारण कोटा भरला हे ठरवायचं कुणी? २०१५ साली त्यांचे एक वरिष्ठ नेते डीटर उख्तडॉर्फ यांनी सभेत स्पष्ट सांगितलं की ‘आफ्टर’ म्हणजे ‘बिकॉज’, ‘केल्यामुळे’, नव्हे. मराठीत हे भांडण उभंच राहिलं नसतं. आपल्याकडे ‘करूनसवरून’ आहे. ‘सगळं करूनसवरून शेवटी तारते ती कृपाच.’ यात कोण हिशेबाची वही काढेल?

आणि आता ‘पूर्ण’. मराठी बायबलात इथे पूर्ण हाच शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. (लगेच कुणीतरी उपनिषदातलं ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ सुरू करील. थांबा, तिकडेच येतोय.) पूर्णच्या उलट सदोष नव्हे, अपुरा. धातू ‘पॄ’, भरणे. त्यातून पूर्ण, पूर, भरपूर, पुरवठा, पुरवणी, लाड पुरवणे. पुरणपोळीतलं पुरणही तेच, आत भरलेलं. फाटलेली पुरणपोळी पुरणपोळीच राहते. काठापर्यंत गोल पण आत पुरण नसलेली ती साधी पोळी. आणि याच घरातला सगळ्यात धाकटा, रोज तोंडात असलेला शब्द : पुरे. बायबलात प्रेषित पौलाला देव म्हणतो (२ करिंथ १२:९), ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’, आणि पुढच्याच श्वासात, माझं सामर्थ्य दुर्बलपणात पूर्णतेला येतं. इंग्रजीत ‘सफिशंट’ आणि ‘परफेक्ट’ एकमेकांना ओळखत नाहीत. ग्रीकमध्येही इथे दोन वेगळे धातू. मराठीत मात्र पुरेसं आणि पूर्ण सख्खी भावंडं. यावर कळस म्हणजे ‘पुरून उरणे’. हल्ली तो वाक्प्रचार फक्त भांडकुदळ माणसाला लावतात, ‘सगळ्यांना पुरून उरली’. अहो, मुळात ते अन्नाबद्दलचं बोलणं वाटतं : पंगत उठली आणि पातेल्यात अजून आहे. त्याच मंत्रातलं ‘पूर्णमेवावशिष्यते’, पूर्णच मागे उरतं, म्हणजे तरी दुसरं काय!

भाचीकडे सॉल्ट लेक सिटीला गेलो होतो तेव्हा मीही अशा एका सभेत बसलो आहे. पगारी धर्मोपदेशक नाही, प्रवचनकार म्हणून शेजारपाजारचेच लोक उभे राहतात. येशूच्या आठवणीचा पाव आणि पाणी, हो, वाइन नव्हे पाणी, रांगेरांगेतून हातोहात फिरतं. मागची घडीची भिंत सरकवली की बास्केटबॉलचं मैदान. उशिरा येणारे, रडकी पोरं घेऊन आलेले तिथे जाळीखाली घडीच्या खुर्च्यांवर बसतात आणि त्यांच्यापर्यंतही ती तबकं पोचतात. मंडळीच्या या एककाला ते ‘वॉर्ड’ म्हणतात. आपल्या नगरपालिकेतलाच वॉर्ड! १८४०च्या दशकात इलिनॉयमधल्या नॉवू गावाचे वॉर्ड पाडले आणि तिथल्या गरिबांची काळजी घ्यायला एकेका वॉर्डाला बिशप नेमला, तिथून ते नाव चिकटलं. अजूनही कुठल्या वॉर्डात जायचं हे पत्ता ठरवतो, आवड नाही. ज्यांच्याशी कधी चहा घेतला नसता त्यांच्या शेजारी बसावं लागतं. जकातदाराला हे जमलं नसतं.

कृपेचं राहिलंच. ‘कृपा’ चालेल. फक्त तिचा भाऊ ‘कृपण’ आहे, धातू तोच, कळवळणे. कृपण म्हणजे आधी कीव यावी असा दीन, कंजूष नंतर. गीतेत (२:४९) फळाकडे डोळे लावून बसणाऱ्यांना कृपण म्हटलंय. स्वतःला रोज गुण देणाऱ्या माणसाला हा शब्द किती चपखल बसतो!

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ‘पुरतं का’ असं विचारलंत, म्हणजे शब्द तुमच्या तोंडात होताच. सासूबाईंना सांगा, ती पोरगी म्हणाली : आता पुरे झालं, आणि पुरलंही.