पावसाचं पाणी जाणार कुठं? : वाचकांचे प्रश्न, इंजिनिअरकाकांची उत्तरं

प्रश्न : काकांना स. न. वि. वि. आमचं गाव बेळगावजवळ, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. गावाच्या वरच्या बाजूला २५ एकर गायरान आहे. तिथं २० हजार माणसं बसतील असं क्रिकेटचं स्टेडियम करायचं चाललंय. पुढच्या महिन्यात पंचायतीत सभा आहे. रंगीत नकाशा दाखवून झालाय. गॅलरी, दिव्यांचे खांब, पॅव्हेलियन, सगळं छान आहे. आमची भाताची शेती मात्र गायरानाच्या खालच्या अंगाला. बासमती आता नावाला राहिली, इंद्रायणी करतो. सभेत उठून काय विचारायचं? कुणी म्हणतो पार्किंग विचारा, कुणी म्हणतो पोरांना नोकऱ्या देणार का विचारा.
– एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : भाऊ, पार्किंगचं मागून बघू. रंगीत नकाशा पुढ्यात आला की मी आधी कंपाउंडच्या बाहेर काय काढलंय ते बघतो. बहुतेक वेळा तिथं हिरवा रंग मारून चार झाडं काढलेली असतात. ती झाडं जिथं काढलीत तिथंच तुमचं भात आहे. तेव्हा सभेत उठलात की पहिलं एवढंच विचारा, पावसाचं पाणी जाणार कुठं?

माझी सगळी नोकरी पाईप आणि गटारीत गेली, त्यामुळं हिशेब तोंडावर आहे. जागा किती हेक्टर, तासाला पाऊस किती मिलिमीटर आणि जमीन कसली, या तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं. सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहणार ते कळतं. 'जमीन कसली' याला गुणांक असतो. गवताच्या गायरानाला ०.३ धरा, म्हणजे दहातलं तीन भाग पाणी वाहतं, बाकीचं मुरतं. पत्रा, डांबर, काँक्रीट यांना ०.९.

तुमच्या २५ एकरांतले मैदानाचं गवत आणि कडेची झाडं सोडली तर २० एकर, म्हणजे ८ हेक्टर, झाकले जाणार. तासाला ६० मिलिमीटरची सर धरा. रोज काही असा पाऊस पडत नाही, पण वळवात किंवा तरण्या-म्हाताऱ्या पावसात एखादी सर तशी येतेच. आज त्या ८ हेक्टरांवरून सेकंदाला ०.४ घनमीटर, म्हणजे ४०० लिटर पाणी खाली येतं. स्टेडियम झाल्यावर १२०० लिटर. आभाळ तेच, पाऊस तोच, आणि पाणी तिप्पट.

आता एक काम करा. गायरानाखालच्या रस्त्याला मोरी असेल, तिथं काठी घेऊन जा. आपल्याकडं अशा मोरीत बहुतेक दोन फुटी सिमेंटचा एकच पाईप असतो. उतार बरा असला तर त्यातून सेकंदाला ६०० लिटरच्या आसपास पाणी जातं, तेही पाईप साफ असेल तर. काठी घाला म्हणालो ते त्यासाठीच. अर्धा पाईप गाळानं भरलेला निघाला तर मला नवल वाटणार नाही. ४०० लिटर त्यातून कसंबसं निघत होतं. १२०० लिटर निघणार नाही. ते रस्त्यावरून पलीकडं येणार, बांध फोडणार आणि नुकत्या लावलेल्या रोपात शिरणार. नाल्याचं पाणी आधीच शहापूर-वडगावच्या शिवारात चढतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात जिल्ह्यानं काय पाहिलं तेही नको.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. स्टेडियमच्या आवारातच, सगळ्यात सखल कोपऱ्यात, पाणी थोपवायचं तळं करायचं. तासाभराच्या त्या सरीत जास्तीचं पाणी येतं २८८० घनमीटर, म्हणजे २८ लाख ८० हजार लिटर. दीड मीटर खोल तळं धरलं तर जागा लागते साधारण १९ गुंठे. २५ एकर म्हणजे एक हजार गुंठे, त्यातले १९. एवढी जागा नाही असं कुणी म्हणालं तर व्हीआयपी पार्किंगला किती गुंठे ठेवलेत ते विचारा. (बघा, पार्किंग आलंच शेवटी.) तळ्याचं तोंड मुद्दाम लहान ठेवायचं, म्हणजे पाणी आज येतं तेवढ्याच वेगानं बाहेर पडेल, सेकंदाला ४०० लिटर. उन्हाळ्यात तळं कोरडं पडतं, पोरं त्यात गोट्या खेळतील, खेळू देत. पण गाळ दरवर्षी मे महिन्यात कोण काढणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे ठरावात लिहून घ्या. तळं खोदताना फोटो काढायला सगळे येतात. गाळ काढताना कुणी येत नाही.

दुसरं, जुना गावनकाशा मागवा. कागद कन्नडमध्ये असला तरी नाल्याची रेघ ओळखायला भाषा लागत नाही. ती रेघ नव्या नकाशावर आहे का बघा. गायरानातून जाणारा ओढा कागदावरून पुसला म्हणून पाणी वाट बदलत नाही. ते गॅलरीखालून जायला बघतं, मग खांबाच्या पायाशी मुरतं, आणि मग आमच्यासारख्यांना बोलावणं येतं.

विजेचं थोडक्यात. दिव्यांचा भार नुसता ३७० किलोवॅट धरला तरी तो ५ एचपीच्या शंभर पंपांइतका होतो, आणि मोठ्या मैदानाचा त्याहून बराच जास्त असतो. तेव्हा स्टेडियमला ११ केव्हीची स्वतंत्र लाईन सबस्टेशनपासून येणार का, की गावच्याच लाईनीला जोडणार, हे हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, माणसासमोर विचारा. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांची आणखी एक खोड आहे. वीज क्षणभर गेली तरी ते गार होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतात. एलईडीला ती भानगड नाही. पण हा तुमचा प्रश्न नव्हे, आयोजकांचा.

नोकऱ्यांचं मला कळत नाही, म्हणून बोलत नाही.

प्रश्न : काका, माझी त्याच रस्त्याला खानावळ आहे. आमच्या वाडीला नळाचं पाणी दिवसाआड येतं. स्टेडियमच्या गवताला पाणी आमच्याच टाकीतून देणार म्हणतात. मॅचच्या दिवशी आमचा नळ कोरडा राहणार का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मॅचचा दिवस वर्षातून दहा वेळा येईल. गवत रोज पाणी पितं. भीती बाळगायची तर त्याची बाळगा.

मैदानाची त्रिज्या ७० मीटर धरली तर गवत होतं साधारण १५,४०० चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, तेव्हा रोजचे ७७ हजार लिटर. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. म्हणजे एकटं मैदान १४०० माणसांचं पाणी पिणार. २०१६ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले होते, ते याच हिशेबावरून.

मग गवत वाळवायचं का? नाही. गवताला गावच्या नळाचं पाणीच लागतं असं कुठंय? २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पाण्याची ओढाताण होती, तेव्हा चिन्नास्वामी मैदानासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी मागण्यात आलं, रोज ७५ हजार लिटर. आपला आकडा त्याच्या किती जवळ आहे बघा.

आता गंमत अशी, की स्टेडियमला सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र तर बांधावंच लागेल. माणशी १५ लिटर धरले तर २० हजार माणसांचे ३ लाख लिटर, आणि ते सगळं चार-पाच तासांत. दुसऱ्या दिवशी शून्य. ते केंद्र चालतं जिवाणूंवर, आणि जिवाणूंना रोज थोडं थोडं खायला लागतं. एक दिवस जेवणावळ आणि महिनाभर उपास, यावर ते जगत नाहीत. खानावळवालीला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही! म्हणून गावाचं सांडपाणी त्याच केंद्रात सोडायला सांगा. पाच हजार वस्तीचं गाव असेल तर माणशी ५५ लिटरमधले ८० टक्के परत येतात, म्हणजे रोज २ लाख २० हजार लिटर. त्यातून गवताचे ७७ हजार सहज निघतात. केंद्र वर्षभर चालू राहतं, आणि गावाच्या गटारी उघड्या वाहायच्या थांबतात. मॅचचं पाणी मात्र वेगळ्या टाकीत साठवून आठवडाभर हळूहळू सोडायचं.

राहिला तुमचा नळ. स्टेडियमनं स्वतःची जमिनीखालची टाकी बांधावी आणि ती रात्री बारीक पाईपनं, मीटर लावून भरावी. गावच्या मेन लाईनीला थेट पंप लावायचा नाही, हे लिहून घ्या. पंप लागला की टोकाच्या घरांच्या नळातून पाण्याऐवजी हवा येते, आणि लाईन कुठं गळकी असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. बेळगावात २००८ पासून काही भागांत चोवीस तास पाणी मिळतंय. लाईनीत सतत दाब असला की घाण आत शिरत नाही, हा त्यातला मोठा फायदा. दिवसाआड पाण्याच्या लाईनीला पंप लावणं म्हणजे आजार मागून घेणं.

प्रश्न : सर, मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्टेडियमकडे जाणारा रस्ता ४० फुटी ठेवलाय, तो पुरेल का? आणि आधी रस्ता करायचा की आधी पाईपलाईन?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : बाळा, दुसरा प्रश्न परीक्षेत विचारलास तर सगळे बरोबर लिहितील. कामावर गेल्यावर सगळे चुकतात. मीही चुकलोय. गावाचं नाव सांगत नाही. मार्च अखेर होता, पैसे परत जाणार म्हणून आम्ही रस्ता डांबरून टाकला. नारळ फुटला, पेढे वाटले. १९ दिवसांनी पाण्याची लाईन मंजूर होऊन आली आणि माझ्याच सहीनं तोच रस्ता फोडला. एक म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "काय वो सायेब, कुठं काय इसरलं काय आत?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तर क्रम असा. सगळ्यात खोल सांडपाण्याची लाईन, कारण ती उतारानं जाते आणि उतार कुणाचं ऐकत नाही. मग पावसाची गटार. पाण्याची लाईन सांडपाण्यापासून आडवी किमान ३ मीटर लांब, आणि ओलांडायची वेळ आली तर वरून. ११ केव्हीची केबल ०.९ मीटर खोल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर थोड्या अंतरावर रस्त्याच्या आरपार दोन-तीन रिकामे पाईप टाकून ठेवायचे, तोंडं बंद करून. उद्या कुणाला काही न्यायचं झालं तर त्यातून न्यावं. रिकाम्या पाईपला अंदाजपत्रकात पहिली कात्री लागते, तेव्हा भांड. जमीनही बघ. तुमच्या खानापूरकडं जांभा लागेल, खोदायला जड पण चर उभा राहतो. बैलहोंगल, गोकाककडं गेलास की काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाईपचे सांधे हलवते. एकच ड्रॉइंग दोन्हीकडं चालवू नकोस.

आता ४० फूट. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी सपाट वाटेचा जो हिशेब वापरतात त्यात एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं धरतात, आणि आठ मिनिटांत गॅलरी रिकामी व्हावी असं म्हणतात. २० हजार भागिले आठ, मिनिटाला २५००. त्याला दारं लागतात एकूण ३० मीटर, म्हणजे शंभर फूट. ते बहुतेक करतील, कारण दारं नकाशात दिसतात. पण बाहेरचा रस्ता ४० फूट, १२ मीटर. त्यातून मिनिटाला हजार माणसंच जाणार, तेही रस्ता पूर्ण मोकळा असला तर. आठ मिनिटांनी २० हजार बाहेर आलेली असतील आणि ८ हजार पुढं गेलेली असतील. उरलेली १२ हजार दारापुढं उभी. चौरस मीटरला दोन माणसं धरली तर त्यांना सहा हजार चौरस मीटर, जवळजवळ दीड एकर जागा लागते. नकाशात ती आहे का?

आणि हा झाला बाहेर पडायचा हिशेब. आत शिरताना गर्दी थांबते ती रस्त्यावरच. ४ जून २०२५ ला बंगळूरमध्ये चिन्नास्वामीच्या बाहेर ११ जीव गेले. आयपीएल जिंकलेल्या बंगळूरच्या संघाच्या सोहळ्यासाठी ती गर्दी जमली होती. तेव्हापासून स्टेडियमचं ड्रॉइंग कुणी दाखवलं की मी आधी दाराबाहेरचा कागद मागतो.

नुसता रस्ता रुंद करून भागणार नाही. ८० फुटी केलास तर दोन्ही कडांना मोटरसायकली लागतील आणि मधे परत ४० फूटच उरेल. दोन वेगळ्या दिशांना दोन रस्ते काढ. एक ॲम्ब्युलन्ससाठी राखीव, त्यावर पाणीपुरीची गाडीसुद्धा नको. फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, आणि मोकळा म्हणजे विजेचा डबा, खांब, झाड, फलक सगळं सोडून. गटारीवरच्या फरशा नीट बसवलेल्या असाव्यात. अंधारात हललेल्या फरशीवर एक पाय अडकला की मागची रांग थांबत नाही.

एक काम देतो. टेप घे आणि बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी संध्याकाळी सहाला उभा राहा. रस्त्याची नकाशातली रुंदी एका कागदावर लिही, आणि भाजीची गाडी, रिक्षा, उभ्या दुचाक्या वगळून चालायला खरोखर किती उरते ती दुसऱ्यावर. दोन्ही कागद पाठव. पुढच्या अंकात तेवढंच छापू.

आणि पहिल्या पत्रातले भाऊ, मोरीत काठी किती खोल गेली ते सभेच्या आधी कळवा.