डोंगरात सायकल: होप व्हॅलीला जाताय? आधी नकाशा उघडा

या वेळच्या पत्रांत इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टबद्दल, म्हणजे शेफिल्ड आणि मँचेस्टरच्या मधल्या डोंगराळ भागाबद्दल, बरंच विचारलंय; होप व्हॅली हे त्यातलंच एक खोरं. मुलं शेफिल्ड-मँचेस्टरला शिकायला नाहीतर नोकरीला आणि आईबाबा उन्हाळ्यात त्यांच्याकडे, असं आता ठाण्या-नवी मुंबईत घरोघरी आहे, त्यामुळे आधी तीच पत्रं घेते.

प्रश्न: वय 61, पाचपाखाडीत राहतो. दर रविवारी उपवनवरून येऊर चढतो, हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे, तब्येत ठणठणीत. जूनमध्ये मुलाकडे शेफिल्डला चाललोय. तो म्हणतो, बाबा, जेकब्स लॅडर उतरू. व्हिडिओ बघून पोटात गोळा आला. जमेल का? सायकल इथून न्यावी का?

काका, जेकब्स लॅडर पहिल्या आठवड्यात नको. एडेल गावाच्या वरचा तो उतार तीव्र आहे, सगळा सुट्या दगडांचा आणि पायऱ्या-पायऱ्यांचा, आणि येऊरचा डांबरी चढ कितीही वेळा मारला तरी त्याने दम वाढतो, दगडातला उतार नाही शिकवत. तिथे लागतं ते वेगळंच, सीटवरून उठून वजन मागे, टाचा खाली, ब्रेकवर एकच बोट आणि नजर चाकापुढे न ठेवता पाच-सहा मीटर लांब. जायच्या आधी महिनाभर एखाद्या मोकळ्या खडकाळ उतारावर, जिथे कुणाची ये-जा नाही आणि सायकलला मनाई नाही, हे हळू वेगात घोटून घ्या. टायरमधली हवाही रस्त्यावरच्यापेक्षा कमी, ट्यूबलेस असेल तर साधारण 25 ते 30 पीएसआय, तुमच्या वजनाप्रमाणे थोडं वर-खाली.

सुरुवात डरवेंट खोऱ्यातून करा. शेफिल्डहून होप व्हॅली लाइनची ट्रेन पकडायची, ग्रिंडलफर्ड, हॅदरसेज, बॅमफर्ड, होप, एडेल अशी एकामागोमाग स्टेशनं येतात. बॅमफर्डला उतरून थॉर्नहिल ट्रेल धरा, तो जुन्या रेल्वेमार्गावरचा सपाट रस्ता लेडीबोअर धरणापाशी नेतो. ट्रेनमध्ये सायकलला जागा मोजकीच असते म्हणून गर्दीची वेळ टाळा. पुढे डरवेंट आणि हाउडन या दोन जलाशयांच्या काठाने रुंद वाट आहे, चढ-उतार बेताचे, आणि अगदी टोकाला स्लिपरी स्टोन्सला एक दगडी पूल लागतो. तो पूल मुळात डरवेंट गावातला. लेडीबोअरच्या पाण्यात डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली, त्याआधी पूल दगड दगड करून सोडवला आणि 1959 मध्ये वर नेऊन पुन्हा बांधला. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांची माणसं अजून आसपास आहेत, त्यामुळे तिथे थांबल्यावर काय वाटेल ते तुम्हाला सांगायला नको.

एक दिवस सायकल बाजूला ठेवून मॅम टॉर या डोंगराखालचा मोडलेला रस्ता बघून या. दरडी कोसळत राहिल्या, रस्ता दुरुस्त करकरून लोक थकले आणि 1979 मध्ये तो गाड्यांसाठी कायमचा बंद केला, डांबराचे थरच्या थर वाकलेले अजून दिसतात. घाटरस्त्यांची सवय असलेल्या माणसाने बघण्यासारखं आहे.

आणि सायकल इथून नेऊ नका. पॅकिंग, विमानाचं जादा भाडं, वर डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) वाकायची भीती, त्यापेक्षा भाड्याने घ्या. घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि सीटची उंची तिथेच लावून घ्या. हे सगळं अंगवळणी पडलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलाबरोबर जेकब्स लॅडरला जा, आणि जिथे मन कचरेल तिथे उतरून चाला, तिथले लोकही उतरतात.

प्रश्न: मी खारघरची, सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी मँचेस्टरला जातेय. वीकेंडला मूरवर (तिथल्या उघड्या, उंच माळावर) राइड करायची फार इच्छा आहे. कट गेट नावाचा ट्रेल सगळ्यांच्या लिस्टमध्ये असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाऊ का?

नको गं. कट गेट खरंच सुंदर आहे, लँगसेटहून डरवेंटच्या बाजूला उतरणारी जुनी वाट, वुडलँड्स खोऱ्यातले शेतकरी पेनिस्टोनच्या बाजाराला मेंढ्या न्यायचे ती. पण ती जाते पीटवरून, आणि पीट म्हणजे काय हे नीट समजून घे, कारण तिथे कधी जायचं नाही हे त्यावरच ठरतं.

पाणथळ माळावर स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, मरतं, पण पाण्यात हवा नसल्याने पूर्ण कुजत नाही, त्याचा थरावर थर साचतो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थराला हजारेक वर्षं लागली. हात लावलास तर उकळून गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं, काळं आणि पाण्याने भरलेलं. यात प्रचंड कार्बन साठलेला असतो. डार्क पीकच्या, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तरेकडच्या, माळांचं आधीच खूप नुकसान झालंय, मँचेस्टर-शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांच्या धुराने हे शेवाळ मोठ्या भागात मेलं, उघडं पडलेलं पीट पावसाने वाहून काळ्या घळी पडल्या. 2003 पासून मूर्स फॉर द फ्यूचर ही भागीदारी तिथे घळी अडवून पुन्हा शेवाळ लावतेय. अशा जमिनीवर ओल्या हिवाळ्यात चाक फिरलं की चर पडतो, चरात पाणी धावतं, मागचा सायकलवाला चिखल टाळायला बाजूने जातो आणि वाट रुंदावत जाते. कट गेटवरची एक दलदल इतकी वाईट झाली होती की दुरुस्तीसाठी ब्रिटिश माउंटेनियरिंग काउन्सिलच्या मोहिमेतून लोकांकडून पैसे गोळा करावे लागले, आणि त्यात सायकलवाल्यांच्या ग्रुप्सनी जीव लावून काम केलं. असं काम झालेल्या वाटेवर भर पावसाळी हंगामात जाऊन फोटो काढावा असं मला तरी वाटत नाही.

मग हिवाळ्यात काय, तर बनवलेले ट्रेल. शेफिल्डच्या कडेला लेडी कॅनिंग्ज प्लँटेशन आहे, तिथला ब्लू स्टील निळ्या ग्रेडचा (हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, काळा), पाणी वाहून जाईल असा बांधलेला. दिवस मात्र लहान, डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा पुढचा-मागचा लाइट चार्ज करून ने आणि दोनलाच परतीला लाग. कट गेटला कोरडा आठवडा बघून उन्हाळ्यात जा. मार्च ते जुलै मूरवर कर्ल्यू, गोल्डन प्लोव्हर असे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून वाट सोडून एक चाकही बाहेर नको.

प्रश्न: येऊरच्या जंगलातल्या एका पायवाटेवर आमच्या ग्रुपला सायकली घेऊन परत पाठवलं. इंग्लंडमध्ये म्हणे कुठेही हिंडायचा हक्क आहे, मग आपल्याकडेच का ही अडवणूक? (वर्तकनगर, ठाणे)

तुमचा राग कळतो, पण इंग्लंडबद्दलची माहिती अर्धवट आहे. 24 एप्रिल 1932 ला पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले, काहींना तुरुंगवास झाला, ती लढाई मोठीच होती. 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झालं आणि 2000 च्या कायद्याने मोकळ्या माळांवर हिंडायचा हक्क मिळाला. पण तो पायी हिंडायचा. सायकलसाठी इंग्लंडमध्ये ब्रिडलवे लागतो, म्हणजे घोड्यांची वाट, तिथे 1968 च्या कायद्याने सायकलला परवानगी आहे आणि त्याच कायद्यात पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची हेही आहे. फुटपाथवर (तिथे याचा अर्थ फक्त पायी जायची रानवाट) सायकलचा हक्क नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 नकाशावर दोन्ही हिरव्या तुटक रेषा, ब्रिडलवेच्या लांब आणि फुटपाथच्या आखूड, तिथले सायकलवाले घरून निघताना हेच बघतात. डार्क पीकसाठी ओएल 1 हा नकाशा. (स्कॉटलंडचं वेगळं, तिथे 2003 च्या कायद्याने सायकललाही बरीच मोकळीक आहे.)

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आत जायला परवानगी लागते, आणि हे बिबट्यांचं जंगल आहे, पहाटे आणि तिन्हीसांजेला ते वावरतात, नेमक्या आपल्या राइडच्या वेळा. आवाज न करता वेगाने वळणावर आलेली सायकल त्यांच्यासाठीही वाईट आणि तुमच्यासाठीही. शिवाय आत पाडे आहेत, माणसं त्या वाटांनी रोज पाणी-लाकूड घेऊन जातात. मला विचाराल तर परत पाठवलं ते योग्यच केलं. खरी मागणी करायची तर ती वेगळी करा, की ठाणे-नवी मुंबईत जंगलाबाहेरच्या एखाद्या टेकडीवर सायकलसाठी आखलेला, पाण्याचा निचरा असलेला ट्रेल द्या, आम्ही सांभाळतो. वीस जणांचा ग्रुप महिन्यातून एक रविवार फावडं घेऊन यायला तयार आहे असं लेखी दिलंत तर त्या अर्जाला वजन येईल, आणि मीही सही करीन.

प्रश्न: ऐरोलीहून. दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई बरोबर आहेत, एकच दिवस आहे, सोपं काहीतरी सांगा.

ताई, पीक डिस्ट्रिक्टमधलाच मोन्सल ट्रेल. बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग, साडेआठ मैल, जवळजवळ सपाट, मोठे बोगदे 2011 मध्ये लोकांसाठी उघडले. सायकल भाड्याने घेता येते आणि सासूबाईंना जमेल तेवढं चालता येईल. बोगद्यात जूनमध्येही गारठा असतो, मुलीला स्वेटर घ्या.

प्रश्न: तिकडे डोंगरात पडलो, लागलं, तर फोन कुणाला? (नेरुळ)

999 किंवा 112. आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगायचं. येणारे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं म्हणून कुठून कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे घरी लिहून ठेवून निघा, कागदी नकाशा आणि शिटी बॅगेत असू द्या. शिटी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा.