पानिपतची पहिली लढाई टेबलावर मांडताना इब्राहिम लोदीची बाजू कशी जिवंत ठेवावी

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हा पाच मित्रांना नागपुरात बाबर आणि दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदी यांच्यातली पानिपतची पहिली लढाई (1526) मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती घेऊन खेळायची आहे, परंतु निकाल सर्वांना ठाऊक असल्यामुळे इब्राहिम लोदीची बाजू घ्यायला कोणी राजी नाही आणि दोन्ही सैन्यांची संख्या काय धरावी हेही ठरत नाही, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. इब्राहिम ज्या कारणांमुळे हरला ती कारणे नियमांत उतरवली, तर त्याच्या जागी बसलेल्या खेळाडूला ती टाळण्याची खरी संधी मिळते. नुसता बाबराला बळ देणारा नियम केला, तर ती संधी पहिल्या फेरीतच संपते.

आधी संख्येचे पाहू. सिंधू ओलांडताना बाबराने आपली माणसे मोजून घेतली, तेव्हा लहानथोर, नोकर आणि बिगरनोकर सगळे मिळून 12,000 भरले. इब्राहिमच्या बाजूचे एक लाख माणसे आणि सुमारे एक हजार हत्ती हे आकडे मात्र बाबराने आपल्या आत्मचरित्रात, बाबरनाम्यात, लोकांच्या अंदाजावरून दिलेले आहेत, आणि त्या लाखात लढणारे किती व बुणगे किती हे त्यावरून कळत नाही. म्हणून 500 माणसांना एक बेस (मूर्ती चिकटवलेली छोटी पट्टी, जी एक तुकडी म्हणून हलते) असे प्रमाण धरून बाबराला 24 बेस द्यावेत आणि लोदीला त्याच्या दुप्पट, म्हणजे 48 द्यावेत. हत्तींचे पाच-सहा बेस या 48 मध्येच येतील. याहून मोठी तफावत ठेवल्यास टेबलावर जागाही उरत नाही आणि खेळही रेंगाळतो.

खरे महत्त्व संख्येपेक्षा रुंदीला आहे. बाबराने उजवी बाजू पानिपत शहराला टेकवली, डाव्या बाजूला खंदक खणून झाडांच्या फांद्या टाकल्या, आणि मध्ये सुमारे 700 गाडे कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधून त्यांच्यामागे बंदूकवाले उभे केले. गाड्यांच्या ओळीत ठरावीक अंतरावर शंभर-दोनशे स्वारांना बाहेर पडता येईल अशा वाटा ठेवल्या होत्या. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर शहर आणि खंदक यांच्यामधले अंतर साधारण 100 सेंटिमीटर ठेवा. 40 मिलिमीटर रुंदीचे 48 बेस एका ओळीत लावायचे तर 192 सेंटिमीटर लागतात, म्हणजे लोदीच्या खेळाडूला आपले सैन्य किमान दोन ओळींत दाटीने उभे करावेच लागते. नियमाचा एक शब्दही न लिहिता पहिली अडचण अशी आपोआप उभी राहते.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा असून त्यावर तुम्ही सर्वाधिक वेळ द्यावा. बाबराच्या वर्णनानुसार शत्रूचे सैन्य दुरून न थांबता वेगाने आले, पण समोरची तटबंदी दिसताच थांबावे की पुढे जावे अशा संभ्रमात पडले. थांबणेही जमेना आणि आधीच्या वेगाने पुढे येणेही जमेना. मागच्या ओळींना हे दिसत नव्हते. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर पुढचा माणूस थांबला तरी मागचा लोंढा ढकलतच राहतो, तसेच ते झाले असावे. त्यामुळे लोदीचा जो बेस गाड्यांपासून बाणाच्या पल्ल्यात येईल, त्याच्यासाठी फासा टाकावा आणि 1 ते 3 पडल्यास तो जागीच थांबवावा. मात्र त्याच्या मागचे बेस त्या फेरीत थांबू शकत नाहीत आणि पुढच्याला जाऊन भिडतात. असे भिडलेले दोन्ही बेस गर्दीत सापडले असे समजावे, आणि गर्दीतल्या बेसला वळता येत नाही, मागे हटता येत नाही, लढताना त्याच्या फाशातून दोन वजा होतात. शेवटी इब्राहिमची दोन्ही अंगे मध्यावर इतकी दाटली की त्यांना ना पुढे येता आले, ना पळायला वाट मिळाली, हे बाबराने लिहिलेले दृश्य या एका नियमातून टेबलावर उतरते. ज्या खेळाडूला हे आधी उमगते तो दोन ओळींत अंतर राखून येतो, आणि तेव्हा बाबराच्या बाजूला घाम फुटतो.

तुलुगमा, म्हणजे दोन्ही टोकांवरून फिरून शत्रूच्या पाठीवर जाणाऱ्या स्वारांच्या तुकड्या, बाबराला प्रत्येक टोकाला तीन बेस द्याव्यात आणि शहराच्या कडेने व खंदकाच्या टोकाने त्यांना वाट ठेवावी. तोफांबाबत मात्र हात आखडता घ्या. उस्ताद अली कुली आणि मुस्तफा यांच्या तोफांचा मारा चांगला झाला हे खरे, पण बाबराच्या कथनात शत्रूला चारही बाजूंनी घेरून केलेल्या बाणवर्षावाचे वजन अधिक आहे. तोफांनीच लढाई जिंकली असे मानून त्यांना फार प्रभावी केले, तर लोदीच्या खेळाडूने पुढे येण्यात अर्थच उरत नाही. एका तोफेने दोन फेऱ्यांत एकदा मारा करावा, एवढे पुरेसे आहे.

पाच जण आहात ही चांगली गोष्ट आहे, कारण एकाला पंच करता येईल. लोदीच्या दोन खेळाडूंनी एकमेकांशी बोलू नये. चिठ्ठी लिहून पंचाकडे द्यावी आणि ती पुढच्या फेरीत पोहोचावी. बाबराच्या दोघांना मात्र बोलण्याची मुभा असावी. खेळ सुरू होण्यापूर्वी लोदीच्या सेनापतीने बंद चिठ्ठीत तीनपैकी एक निर्णय लिहावा: सरळ हल्ला, खंदकाला लांबून वळसा, किंवा छावणीतच थांबणे. दोन्ही सैन्ये जवळपास आठवडाभर एकमेकांसमोर होती, बाबराचे लोक छावणीजवळ जाऊन बाण मारत होते, तरी लोदीचे सैन्य बाहेर पडले नव्हते. त्यामुळे तिसरा पर्याय इतिहासाला सोडून नाही. तो निवडला गेल्यास बाबराला गाड्यांची ओळ सोडून उघड्या मैदानावर यावे लागते, आणि मला स्वतःला हाच डाव सर्वांत रंजक वाटतो.

लढाई सूर्य भालाभर वर आल्यापासून दुपारपर्यंत चालली, तेव्हा अर्ध्या तासाची एक फेरी धरून दहा फेऱ्या ठेवाव्यात. प्रत्यक्षात इब्राहिम रणांगणावरच पडला, त्याच्याभोवती पाच-सहा हजार माणसे मेली आणि ग्वाल्हेरचा राजा विक्रमजीतही या लढाईत मारला गेला. म्हणून दहाव्या फेरीअखेर इब्राहिमचा बेस शाबूत असेल आणि त्याचे निम्मे सैन्य टिकले असेल तर तो डाव लोदीचा मानावा. तीन गाडे त्याच्या ताब्यात आले तरीही त्याचाच. ही अट वाचून दाखवली की त्या बाजूला बसायला माणूस मिळतो.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. 15 मिलिमीटरच्या मूर्ती घ्या. 28 च्या मूर्ती सुंदर दिसतात, पण 72 बेस रंगवताना दिवाळी उलटून जाईल. गाड्यांना बैल लावण्याची गरज नाही, कारण ते एकमेकांना बांधून उभे केलेले होते; तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी कितीही लहान घेतले तरी या मापाला मोठेच पडतात. कूलर लागलेल्या खोलीत कागदी मूर्ती वापरणार असाल तर बेसखाली लोखंडी वॉशर चिकटवा. आणि रंगकामाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून एक डाव पूर्ण खेळा. त्यात गर्दीचा नियम तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत जाणवला नाही, तर शहर आणि खंदक यांच्यातले अंतर दहा सेंटिमीटरने कमी करून पुन्हा मांडा.